जुन्या जीपचे गुणोत्तर मोजूनच घ्यावे

जुनी जीप घेताना लोक इंजिनाचा आवाज ऐकतात, चेसिसला गंज लागला आहे का ते वाकून बघतात, कागदपत्रे चाळतात. ॲक्सलचे गुणोत्तर मात्र फार थोडे जण विचारतात आणि विचारलेच, तर विकणाऱ्याने सांगितलेला आकडा मान्य करतात. माझे ठाम मत आहे की हा आकडा ऐकून घेण्याचा नाही, मोजून घेण्याचा आहे. प्रोपेलर शाफ्ट किती वेळा फिरल्यावर चाकाची एक फेरी पूर्ण होते, ते म्हणजे हे गुणोत्तर. चढावर गाडी किती ओढेल आणि सपाट रस्त्यावर इंजिनाला किती धावावे लागेल, हे त्यावर ठरते. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १००० मीटर. चाकाचा घेर २.३ मीटर धरला तर चाक मिनिटाला सुमारे ४३५ वेळा फिरते. टॉप गिअर थेट असेल, तर ५.३८ च्या ॲक्सलवर इंजिनाच्या मिनिटाला सुमारे २३४० फेऱ्या होतात आणि ४.८८ वर सुमारे २१२०. तोच रस्ता, तोच वेग, पण इंजिनाचे श्रम दहा टक्क्यांनी वेगळे.

यावर पहिला आक्षेप असा येतो की मॉडेल कळले की आकडाही कळतो. कारखान्यातून गाडी बाहेर पडली त्या दिवसापुरते हे खरे आहे. युद्धकाळातल्या विलीस एमबीला ४.८८ चा ॲक्सल होता, नंतरच्या सीजे-३बी ला ५.३८ चा. महिंद्रांनी १९४७ मध्ये भारतात विलीस जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे सीजे-३बी आपल्याकडे वर्षानुवर्षे बनत राहिली. पण त्या पेट्रोल गाड्यांपैकी कितीतरींत नंतर डिझेल इंजिने बसली. कमी फेऱ्यांवर चालणाऱ्या डिझेलला ५.३८ चा ॲक्सल रस्त्यावर जड जातो, म्हणून काही मालकांनी ॲक्सलही बदलले. काहींचे क्राऊन-पिनियन, म्हणजे ॲक्सलमधल्या गिअरची जोडी, तुटले आणि कुर्ल्याच्या किंवा दिल्लीतल्या मायापुरीच्या भंगार बाजारात जी जोडी मिळाली ती बसली. आरसी बुकात चेसिस आणि इंजिनाचा नंबर असतो, ॲक्सलच्या आतल्या दातांची नोंद कुठेच नसते. म्हणून मॉडेलवरून काढलेला आकडा हा अंदाजच राहतो. डिफरन्शियलच्या झाकणाच्या बोल्टखाली असणाऱ्या, गुणोत्तर लिहिलेल्या पत्र्याच्या पट्टीलाही मी साक्षीदार मानतो, पुरावा नाही. आतली जोडी बदलली तरी पट्टी जुनीच राहू शकते.

मोजण्याची रीत सोपी आहे, मात्र तिच्यामागचे कारण समजले पाहिजे. साध्या डिफरन्शियलमध्ये क्राऊन दोन्ही चाकांच्या फेऱ्यांच्या सरासरीने फिरतो. एक चाक जमिनीवर रोखून दुसरे उचलून फिरवले, तर त्याच्या दोन फेऱ्यांना क्राऊनची एक फेरी होते. म्हणून मागचे एक चाक जॅकने उचलावे, खाली स्टँड द्यावा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी. विलीस घराण्यातल्या जुन्या जीपचा हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागे थेट शाफ्टवर असतो. तो ओढलेला असेल तर शाफ्ट फिरणारच नाही, आणि सोडल्यावर गाडी रोखायला काही उरत नाही. त्यामुळे बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावल्याशिवाय कामाला हात घालू नये. टायरवर आणि शाफ्टवर खडूने खूण करावी, चाक वीस वेळा फिरवावे आणि शाफ्टच्या फेऱ्या मोजून त्यांना दहाने भागावे. शाफ्ट पावणेचौपन्न वेळा फिरला तर ५.३८, पावणेएकोणपन्नास वेळा फिरला तर ४.८८. दोनच फेऱ्यांत काम उरकले, तर ४.२७ आणि ४.१० यांसारखी जवळची गुणोत्तरे नजरेला फसवतात. वीस फेऱ्यांत त्यांच्यात जवळजवळ पावणेदोन फेऱ्यांचे अंतर पडते. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल असेल, तर दोन्ही चाके उचलून एकत्र फिरवावीत. तेव्हा चाकाच्या एका फेरीला मिळणारा आकडा हेच गुणोत्तर.

हे आकडे असे अपूर्णांकात का असतात, हेही पाहण्यासारखे आहे. ५.३८ म्हणजे क्राऊनला ४३ दात आणि पिनियनला ८, ४.८८ म्हणजे ३९ आणि ८. या संख्यांना सामाईक विभाजक नाही. त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात क्राऊनच्या प्रत्येक दाताला पाळीपाळीने भिडतो आणि झीज सगळीकडे सारखी वाटली जाते. आपले मोजमाप अशा खऱ्या जोडीच्या जवळ आले, तर मोजणी बरोबर आहे याची खात्री पटते.

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे: गाडी चालवून पाहिली, नीट धावली, मग एवढा खटाटोप कशाला? कारण सर्वांत महागडा दोष रस्त्यावरच्या फेरीत दिसतच नाही. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचे गुणोत्तर एकच असावे लागते. या जिपांच्या ट्रान्सफर केसमध्ये मधला डिफरन्शियल नसतो, त्यामुळे फोर-व्हीलमध्ये दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. पुढे ५.३८ आणि मागे ४.८८ असेल, तर मागची चाके पुढच्यांपेक्षा दहा टक्के जास्त अंतर कापू पाहतात. चिखलात टायर घसरून ते निभावते. कठीण जमिनीवर मात्र तो सगळा ताण गिअर आणि युनिव्हर्सल जॉइंटवर येतो. टू-व्हीलमध्ये अशी गाडी वर्षानुवर्षे बिनतक्रार चालू शकते. म्हणून फोर-व्हील काढून, फ्री व्हील हब असल्यास दोन्ही बाजूंचे लॉक करून, पुढच्या चाकाचीही मोजणी करायलाच हवी.

कुणी म्हणेल, डिफरन्शियल उघडून दातच मोजा. ती पद्धत सर्वांत खात्रीची आहे, हे मलाही मान्य आहे. पण सौदा ठरण्याआधी कोणता मालक तेल काढून झाकण खोलू देईल? वेग आणि इंजिनाच्या फेऱ्यांवरून हिशेब काढता येतो, पण बदललेल्या टायरमुळे तो चुकतो. खडूच्या मोजणीला टायरच्या मापाशी देणेघेणे नाही, आणि तिला जॅक, स्टँड आणि थोडा धीर यांपलीकडे काही लागत नाही. तेव्हा बयाणा देण्याआधी दोन्ही ॲक्सल मोजा. आकडे जुळले नाहीत, तर किंमत कमी करून घ्या किंवा ती गाडी सोडून द्या.