डाव्या डोळ्याचे दिवस

४ नोव्हेंबर
उद्या डाव्या डोळ्याचं क्रॉसलिंकिंग, म्हणजे कॉर्निया घट्ट करण्याचा उपचार. पाच वर्षांपूर्वी लेसरनं चष्मा घालवला, तेव्हा त्या केंद्रात कॉर्नियाच्या नकाशाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. मीही विचारलं नाही. लेसरमध्ये कॉर्निया पातळ होतोच. मुळात कमकुवत असला तर डोळ्यातल्या दाबानं पुढे फुगत जातो. याला एक्टेशिया म्हणतात. माझा सगळ्यात पातळ जागी ४५५ मायक्रॉन आहे. वरचा थर खरवडल्यावर ४०० तरी उरायला हवेत, नाहीतर किरणांनी आतल्या पेशी मरू शकतात आणि त्या पुन्हा तयार होत नाहीत. आताच्या डॉक्टरांनी हे कागदावर काढून दाखवलं आणि म्हणाले, "नंबर उतरेल म्हणून करू नका. फुगणं थांबावं म्हणून करा."

५ नोव्हेंबर
(मी सांगतेय, आई लिहितेय.) अर्धा तास रिबोफ्लेविनचे थेंब. म्हणजे बी-२ जीवनसत्त्व, पिवळंधमक; ओघळून कानापर्यंत गेले. मग अर्धा तास अतिनील किरण. तेव्हा दुखलं नाही. घरी आल्यावर मात्र डोळ्यात मिरची भरल्यासारखं झालं.

७ नोव्हेंबर
दुखणं बरंच उतरलं. जखम झाकायला वर लेन्स ठेवली आहे. आईनं कॅलेंडरच्या पाठीवर थेंबांच्या वेळा लिहिल्यात.

९ नोव्हेंबर
पहाटे दुखणं परत आलं, काल नव्हतं तितकं. उजेड सोसवेना. आईनं मोबाईलचा उजेड बाजूनं धरून पाहिलं. "बुबुळाच्या कडेला पांढरं दिसतंय गं, तिळाएवढं." तशीच रिक्षा केली. डॉक्टरांनी लेन्स काढली, तिथलं खरवडून तपासणीला पाठवलं. जंतुसंसर्ग असू शकतो. वरचा थर उघडा असताना हाच मोठा धोका. दर तासाला अँटिबायोटिक, रात्रीसुद्धा.

१० नोव्हेंबर
रात्री तीनचा गजर मी ऐकलाच नाही. जाग आली ती आईच्या बोटांनी. आधी तिनं साबणानं हात धुतले होते, बोटं गार होती.

१३ नोव्हेंबर
कल्चरमध्ये काही वाढलं नाही. जंतू नसतानाही शरीराच्या प्रतिक्रियेनं असे ठिपके येतात म्हणे. आता स्टिरॉइडचे थेंब, जपून, दिवसाआड तपासणी. वरचा थर अजून पूर्ण भरलेला नाही.

२१ डिसेंबर
जखम भरली, पण डाव्या डोळ्यापुढे दुधी काच. हा धुरकटपणा बहुतेकांना येतो आणि काही महिन्यांत ओसरतो, असं डॉक्टर सांगतात. आज पहिल्यांदा प्रुफं घेऊन बसले. उजवा डोळा झाकला तर अनुस्वार दिसतच नाहीत. 'आंबा' आणि 'आबा' सारखेच. पुष्कळ रडले. डोळा चोळला नाही.

८ मे
नवा नकाशा आणला. फुगणं वाढलेलं नाही. धूर बराच ओसरला, कडेचा व्रण राहिला. नजरेच्या मध्यावर नाही, हे नशीब. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी, उजव्या डोळ्याचीही.

भाची लेसर करून घ्यायला निघालीय. तिला लिहिलं: आधी कॉर्नियाचा नकाशा आणि जाडीचा आकडा कागदावर माग. त्यांनी नाही म्हटलं तर तिथून ऊठ. आणि कधी क्रॉसलिंकिंगची वेळ आलीच, तर उतरलेलं दुखणं पुन्हा चढताच दवाखाना गाठ, दुसऱ्या दिवसावर टाकू नकोस.