एकवीस किलो धान आणि कोडची तपासणी

संपादकांनी सॉफ्टवेअरमधल्या चुकांवर लिहायला सांगितलं आणि सोपं लिहा, असंही बजावलं. प्रयत्न करतो. दिवाळीच्या सुमारास छत्तीसगडात धानखरेदीची गडबड सुरू होते, आणि मला अजून छळणारं प्रकरण त्याच गडबडीतलं आहे.

रायपूरच्या एका छोट्या कंपनीने शेतकऱ्याला किती धान विकता येईल, याचा अंदाज देणारं अ‍ॅप केलं. २०२३-२४च्या हंगामात एकरी २१ क्विंटल आणि क्विंटलला ३१०० रुपये ठरले होते. कागदोपत्री रकबा, म्हणजे जमिनीचं क्षेत्र, मात्र हेक्टरमध्ये असतो. समजा, प्रत्येकी ०.३० हेक्टरचे पाच खसरे, म्हणजे जमिनीचे तुकडे, आहेत. एकाचे ०.७४१३ एकर होतात. प्रत्येक खसरा आधीच दोन दशांशांवर आणला तर ०.७४, पाचांचे ३.७०. आधी बेरीज केली तर ३.७०६५, म्हणजे ३.७१. शतांश एकराचा फरक. धान २१ किलो, रुपये ६५१.

अ‍ॅप आधी पूर्णांकन करत होतं. ती ओळ सहकाऱ्याने तपासलेली होती! त्याने बदल स्क्रीनवर पाहिला, एका व्हेरिएबलचं नाव सुधारायला सांगितलं आणि मंजुरी दिली. चाचणीतल्या शेतकऱ्याला एकच खसरा होता, त्यामुळे चाचणीही पास.

हा अनौपचारिक रिव्ह्यू. आज बहुतेक ठिकाणी तोच चालतो आणि तो टाकाऊ नाही. मायक्रोसॉफ्टमधल्या रिव्ह्यूंवर बाकेली आणि बर्ड यांनी २०१३मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. लोक चुका सापडाव्यात म्हणून रिव्ह्यू करतात, पण चुका अपेक्षेपेक्षा कमी सापडतात आणि एकमेकांच्या कामाचं ज्ञानही पदरात पडतं, असं त्यात दिसलं. नव्या मुलाला घडवायला याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

औपचारिक तपासणीची शिस्त आयबीएमच्या मायकेल फेगन यांनी १९७६मध्ये मांडली. आधी प्रत्येकाने एकट्याने वाचायचं, मग बैठक, तीही दोन तासांच्या आत. संचालक वेगळा, नोंदी वेगळ्या, दुरुस्ती झाली का हे पुन्हा पाहायचं. तासाला जेमतेम शंभर-सव्वाशे ओळी होतात. मॅनेजर इथेच हात वर करतात.

त्यांच्या हाती लॉरेन्स व्होटांचा १९९३चा निबंधही असतो. बैठकीमुळे सापडणाऱ्या जादा चुका सरासरी ४ टक्क्यांच्या आसपास, बाकीच्या एकट्याच्या वाचनातच सापडतात, असं त्यांनी मोजलं. मापनाबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यावरून बैठक रद्द करणारे लोक एकट्याचं वाचनही रद्द करतात, हे मी वारंवार पाहिलं आहे. बैठक ठरलेली असते म्हणून माणूस आदल्या रात्री वाचून येतो. शिवाय लिहिणाऱ्याऐवजी दुसऱ्याने कोड आपल्या शब्दांत सांगायचा, हा नियम मला सर्वात मोलाचा वाटतो. 'प्रत्येक खसऱ्याचे एकर काढून पूर्णांकन करतो आणि मग बेरीज करतो,' असं कोणी मोठ्याने म्हटलं असतं, तर खोलीतल्या एकाने तरी विचारलं असतं, 'आधी का?'

रायपूरच्या तात्यापाऱ्यातले माझे स्नेही म्हणतात, कॉम्प्युटर हिशेबात चुकत नाही. खरं आहे, तो सांगितलेलं अचूक करतो. चुकीचं सांगितलं तरी तितक्याच अचूकपणे करतो, हे मात्र लोकांना पटवता पटवता मी थकलो आहे.

मग निवड कशी करायची? बदल किती ओळींचा, यावरून तर नाहीच. जगभर धावाधाव झालेली २०१४ची हार्टब्लीड त्रुटी समोरच्याने सांगितलेली लांबी न तपासल्यामुळे होती, आणि तोही कोड एकाने पाहून मंजूर केलेला होता. चुकीचा भार कोणावर पडतो आणि त्याला ती दिसते का, हे मी विचारतो. बटणाचा रंग चुकला तर ग्राहक लगेच फोन करतो. ३.७० आणि ३.७१मधला फरक शेतकऱ्याला दिसतच नाही. म्हणून पैसे, वजन, रकबा, औषधाची मात्रा यांना हात लावणाऱ्या ओळी औपचारिक तपासणीत. बाकीचं सगळं सहकाऱ्याने पाहिलं तरी पुरे.

कंपनीने एवढं मान्य केलं आहे. त्या बैठकीत खरेदी केंद्रावर काम केलेला एक ऑपरेटरही बसवा, असं मी लिहून दिलं आहे. कोड वाचता न येणाऱ्याचं तिथे काय काम, असं उत्तर आलं. मी पुन्हा पत्र पाठवलं आहे.