थेंब सुटला पाहिजे

आबांच्या ट्रकमध्ये तंबाखूची पुडी दोन कामांसाठी असायची. एक दाढेखाली धरायला आणि दुसरं समोरच्या काचेसाठी. कोल्हापुरातून संध्याकाळी भाजी भरून गोव्याकडं निघायचं, आजरा मागं पडलं की आंबोलीचा पाऊस अंगावर यायचा आणि त्या जुन्या गाडीचे वायपर नेमके वळणावर दम सोडायचे. मग आबा गाडी कडेला घेत, चिमूटभर तंबाखू तळहातावर ओली करत आणि खाली उतरून काच बाहेरून घासत. सुट्टीत मी क्लीनरच्या जागेवर बसलेला असायचो. आतून मला एवढंच दिसायचं, की ठिपक्यांनी गच्च भरलेली काच एकदम सपाट झाली. पाऊस तेवढाच होता, पाणी वाहतही होतं, पण त्याचे थेंब होत नव्हते. पातळ पडद्यासारखं ते खाली उतरायचं आणि त्यातून पुढचा रस्ता दिसायचा.

आता उद्यमनगरात माझं गाड्यांच्या काचांचं वर्कशॉप आहे. काचा बदलणं, घासणं हे बारमाही काम. मे महिना लागला की पाणी झटकणारं कोटिंग लावून घ्यायला गाड्यांची रांग लागते. म्हणजे आबा जे करायचे त्याच्या नेमकं उलट मी करतो, आणि दोन्हींचा हेतू एकच.

हे उलट का, ते समजून घ्यायला मला बरीच वर्षं लागली. काच मुळात पाण्याला जवळ करणारी वस्तू आहे. तिच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या असतात, त्या पाण्याला ओढून धरतात. म्हणून अगदी निर्मळ काचेवर पाणी ओतलं तर ते पसरतं, गोळा होत नाही. आपल्याला काचेवर जे वेडेवाकडे थेंब आणि ओघळ दिसतात, ते मळाचे असतात. डिझेलचा धूर, पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेलं तेलकट पाणी, वॉशिंग सेंटरच्या शाम्पूतलं मेण. मळ कुठं जाड, कुठं पातळ. पाणी एका जागी पसरतं, दुसऱ्या जागी अडतं आणि त्या दोन्हींमधून पाहताना नजर फाटते. आबांची तंबाखू त्या मळावर पाणी पसरवणारा एकसारखा थर चढवायची. पुढच्या सरीत तो धुऊन जायचा, मग पुन्हा चिमूट काढायची.

दुसरी वाट अळवाच्या पानाची. अळवावरचं पाणी म्हणजे न टिकणारं, हे आपल्या भाषेनं कधीच टिपून ठेवलं आहे. ते का टिकत नाही याचं उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. पानावर मेणानं मढवलेले अतिशय बारीक उंचवटे असतात, थेंब त्यांच्या टोकांवर बसतो आणि त्याच्याखाली हवा राहते. कमळाच्या पानावरही हेच घडतं. विल्हेल्म बार्थलॉट या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं १९९७ साली आपल्या सहकाऱ्यासह ते सविस्तर मांडलं, तेव्हापासून कोटिंगच्या बाटल्यांवर कमळं उमलू लागली. पान आणि पाण्याचा थेंब यांच्यातला कोन तिथं १५० अंशांच्या वर जातो. कोन जितका मोठा तितका थेंब गोल. पण पुढच्या काचेवर असे उंचवटे करता येत नाहीत. ते प्रकाश विखुरतात, काच धुरकट दिसते आणि वायपर त्यांना थोड्याच दिवसांत खरवडून काढतो. काच गुळगुळीतच राहिली पाहिजे, आणि गुळगुळीत पृष्ठभागावर उत्तमातलं उत्तम रसायनही साधारण ११० ते १२० अंशांवर थांबतं. गिऱ्हाईक बाटलीवरचं कमळ दाखवतं तेव्हा मी हे सांगतो. विक्रीला त्याचा फायदा होत नाही, तरी सांगतो.

बाजारात नावं ढीगभर असली तरी कुळं मुख्यतः दोन. एक सिलिकॉनचं. अमेरिकेत हॉवर्ड ओहलहाउसेन यांना १९७१ साली पेटंट मिळालं, त्यात सिलिकॉन तेल, आम्ल आणि अल्कोहोल असा साधा मेळ होता. आम्लामुळं ते तेल काचेला धरून बसतं. रेन-एक्स हे त्याच घरातलं. दुसरं कुळ फ्लोरिनचं, म्हणजे ज्यांना फ्लोरोसिलेन म्हणतात ते. त्यांचं एक टोक काचेशी रासायनिक गाठ मारतं आणि दुसरं टोक पाण्याला दूर ठेवतं. सिलिकॉनचं कोटिंग लावायला सोपं, स्वस्त, पण आमच्या पावसात काही आठवड्यांत विरतं. फ्लोरिनचं महाग, लावताना चूक झाली तर काढणं जिकिरीचं, पण नीट बसलं तर पावसाळा काढतं. मात्र फ्लोरिनची ही रसायनं निसर्गात सहज मोडत नाहीत, म्हणून मोजकंच घेतो, उरलेलं गटारात ओतत नाही आणि शटर उघडं ठेवून काम करतो.

पण कुठलं लावायचं हे ठरवण्याआधी मी गाडीच्या मालकाला एकच विचारतो, "दादा, गाडी फिरते कुठं?"

पुणे हायवेवर ऐंशीनं जाणाऱ्या गाडीला साधं सिलिकॉनसुद्धा आनंद देतं. साठ-सत्तरच्या पुढं वारा थेंबाला काचेवरून वर ढकलतो आणि छपराकडं पळवून लावतो. पाहत राहावं असं दृश्य असतं ते. पण तीच गाडी आंबोलीत पंचविसानं चढताना थेंब हलत नाही. घाटातून बाहेर पडून चाळीस-पन्नासवर आली की आणखी एक गंमतीचं वाटावं असं, पण फार त्रासाचं घडतं. उतरत्या काचेवर वजन थेंबाला खाली ओढतं, वारा वर ढकलतो, दोघांची बरोबरी होते आणि थेंब तिथंच थरथरत उभा राहतो. दुधाच्या टेम्पोची काच जवळजवळ उभी असते. तिथं वाऱ्याचा काही भरवसा नाही, थेंब आपल्या वजनानं सुटला तरच सुटला.

म्हणून थेंब किती गोल दिसतो याला मी आता महत्त्व देत नाही. गोल थेंबही काचेला चिकटून बसू शकतो. नवीन बाटली आली की मी जुन्या काचेच्या तुकड्यावर ती लावतो, ड्रॉपरनं एक थेंब ठेवतो आणि तुकडा हळूहळू कलता करतो. कितव्या कलाला थेंब घसरतो आणि मागं ओली रेघ सोडतो की नाही, तेवढं बघतो. फोटोत सगळ्याच बाटल्या सारख्या देखण्या दिसतात.

हे मी एका रात्रीत शिकलो. जूनमधला शुक्रवार होता. एक गृहस्थ संध्याकाळी घाईनं आले, बायकामुलांना घेऊन सावंतवाडीला निघायचं होतं. मी काच धुतली, पुसली आणि कोटिंग लावून दिलं. पाइपानं पाणी मारून दाखवलं तर मोत्यांसारखे थेंब. ते खूश, मीही खूश. रात्री अकराला आंबोलीतून फोन आला. वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारी ती जागा. वायपर काचेवर उड्या मारत होता, दर फेरीला पट्टे सोडत होता, आणि समोरून गाडी आली की उरलेला प्रत्येक थेंब हेडलाइटनं पेटत होता. "पुढं काही म्हणजे काही दिसत नाही," ते म्हणाले. मागं लेकराचा आवाज येत होता. मी त्यांना हात जोडून सांगितलं, जिथं वस्ती आहे तिथं थांबा, पाऊस ओसरल्याशिवाय उतरू नका. ते एका चहाच्या टपरीपाशी दोन तास थांबले. मी दुकानातच बसून राहिलो.

चूक बाटलीची नव्हती. काचेवरचा तेलकट थर मी नुसता पुसला होता, काढला नव्हता. कोटिंग काचेला धरण्याऐवजी मळाला धरून बसलं होतं. वायपरच्या उड्यांचं कारणही तेच होतं, आणि थोडं वेगळंही. वायपरचं रबर पाण्याच्या पातळ थरावरून घसरतं. पाणी गोळा होऊन बाजूला सरलं की रबराखाली ओलावा उरत नाही, ते अडतं, सुटतं, अडतं, सुटतं. कोटिंग सलग आणि पातळ असेल तर हे फारसं जाणवत नाही. कुठं जाड, कुठं गायब असेल तर काच कण्हायला लागते. त्या रविवारी मी त्यांची काच सेरियम ऑक्साइडनं घासून कोरी केली आणि वायपरची रबरं नवी घातली. कोटिंग मात्र पुढच्या खेपेला, पूर्ण दिवस हातात ठेवून लावलं.

आता काच तयार करायलाच माझा बहुतेक वेळ जातो. आधी भरपूर पाणी, मग शाम्पू. आमच्याकडं उसाचा गळीत हंगाम उरकेपर्यंत कारखान्यांच्या चिमण्यांची राख आणि काजळी काचेवर बसून घट्ट झालेली असते, नखाला खरखरते. ती क्ले बारनं ओढून काढायची. हातात प्लास्टिकची पिशवी घालून काचेवरून बोटं फिरवली की उघड्या बोटांना न कळणारा कणही लागतो. बोअरच्या पाण्यानं गाडी धुणाऱ्यांच्या काचेवर क्षारांचे पांढरे डाग असतात, त्यांच्यापुढं क्लेचं काही चालत नाही. तिथं सेरियमची पेस्ट, फेल्टचा पॅड आणि धीर लागतो. पॅड एका जागी रेंगाळला तर काच तापते आणि तिथं नजरेला वळसा पडतो. मग फवारा मारून बघायचं. पाणी एकसंध चादरीसारखं बसलं आणि कुठंही फाटलं नाही, तर काच कोरी झाली. फाटलं तर तेवढी जागा परत. हे करताना दर वेळी आबांची काच डोळ्यांसमोर येते. पाणी झटकणारी काच करायची तर आधी ती पाणी पसरवणारी करावी लागते.

पुढचं काम थोडक्यात होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचं, सावलीत आणि थंड काचेवर आडवे-उभे हात मारून पातळ थर द्यायचा, धूसर झाला की ओलसर मायक्रोफायबरनं उचलायचा. रात्रभर पाणी लागू द्यायचं नाही. ज्या गाड्यांचे वायपर पाऊस ओळखून आपोआप चालतात किंवा आरशामागं कॅमेरा असतो, त्यांची पुस्तिका आधी वाचायची. आणि ऑगस्टमध्ये परत यायला सांगायचं, कारण कोटिंग आधी मरतं ते वायपरच्या वाटेत. पाणी मारलं की दोन पंख्यांच्या आकाराची ओली काच मधोमध दिसते आणि कडेला थेंब अजून गोल असतात. नेमकी ती मधली जागाच तर डोळ्यांसमोर असते.

गेल्या पावसात आबांना घेऊन गगनबावड्याला गेलो. कळे ओलांडल्यावर सरळ रस्ता लागला, सर आली, मी वायपर बंद ठेवले. थेंब उतरत्या काचेवरून उलटे वर पळायला लागले. आबा पुढं वाकून बघत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "पाणी वर चढतंय की रं." पुढं रस्ता आवळत गेला, वेग पंचविसावर आला, धुकं उतरलं. थेंब रेंगाळायला लागले तसे मी न सांगता वायपर चालू केले. रबर आवाज न करता फिरलं. बाहेरची काच मला हवी तशी होती.

समोरून एसटी आली. तिच्या दिव्यात काच क्षणभर दुधाळ झाली. मी बाहेरच्या थेंबांकडं बघत होतो. आबांनी उजव्या हाताचं बोट काचेला आतून लावलं, आडवी रेघ ओढली आणि ते बोट माझ्यासमोर धरलं. त्यावर डॅशबोर्डच्या पॉलिशचा चिकट, राखाडी थर होता.

"गाडी घे बाजूला," ते म्हणाले, "फडकं दे इकडं. आतनं पुसतो."