चेंगडूचा बेत

'बेत' हा शब्द मराठीने मोठ्या शहाणपणाने राखला आहे. प्रवासाचा तो बेत आणि जेवणाचाही बेतच! माझ्या सध्याच्या उद्योगाला म्हणूनच दुसरा शब्द सापडत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी, अक्कलकुव्यात बसून मी चीनमधल्या चेंगडू शहरी जेवायला जाण्याचा बेत करतो आहे. निव्वळ जेवायला. भिंत पाहायची नाही, राजवाडा पाहायचा नाही.

ज्याला वास येत नाही अशा माणसाने हा बेत करावा याचे गावात हसू होते, आणि ते रास्तच आहे. 2021 च्या एप्रिलात मला कोरोना झाला आणि जाताना तो माझे नाक घेऊन गेला. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी कित्येक महिने सकाळ-संध्याकाळ गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हुंगत बसलो. उपयोग शून्य. आंबट, खारट, गोड, कडू एवढे जिभेला समजते. पण तुरकाठ्यांवर भाजलेल्या वांग्याचे भरीत आणि उकडलेला दुधी यांत माझ्यापुरता भेद उरला नाही. त्याचीही सवय झाली असती. पण सौ.ने 'कसे झालेय?' हे विचारणे सोडून दिले. लग्नापासून दोन्ही वेळा विचारलेला प्रश्न! तो बंद झाल्यावर आमचे जेवण दहा मिनिटांत आटोपू लागले.

तिखट मात्र उरले. कारण तिखट ही मुळी चव नव्हेच. तो जिभेला झालेला भाजल्याचा भास, आणि त्याची वर्दी मेंदूला देणारी नसही निराळी. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडली की शेजारच्या रस्त्याने जाणारे उतारू खोकतात. मीही खोकतो आणि मनातून सुखावतो.

गेल्या वर्षी सावंतवाडीच्या व्याह्यांनी तिरफळे पाठवली. सौ.ने बिया काढून, टरफले ठेचून आमटीत घातली. दोन घासांत माझे ओठ झिणझिणू लागले. जणू कोणी जिभेखाली तंबोरा छेडला.

"आज काय घातलेस ग यात?"

तिच्या हातातली पळी तशीच राहिली. "अहो, तुम्हांला कळले?"

चेंगडूचा शोध तिथून लागला. तिरफळाचा सख्खा चुलतभाऊ, ह्वाज्याव, हा सिचुआन प्रांताच्या स्वयंपाकाचा प्राण. त्याच्या झिणझिण्या म्हणजे चव नसून स्पर्श आहे. 2013 साली लंडनच्या संशोधकांनी तो ओठांवर मोजला, तर सेकंदाला सुमारे 50 कंपने भरली! चिनी लोक या बधिरपणाला 'मा' म्हणतात, तिखटाला 'ला'. आपल्या नाक्यानाक्यावरच्या गाडीवर 'शेजवान' म्हणून जो लाल रस्सा मिळतो त्यात 'ला' भरपूर असते, 'मा'चा पत्ता नसतो. आणखी एक मौज पाहा. मिरची त्यांची नव्हे, आपलीही नव्हे. दोघांकडेही ती अमेरिकेतून समुद्रमार्गे आली. आपण तिला जुन्या मिऱ्यावरून मिरची म्हटले; 1591 च्या एका चिनी ग्रंथात ती शोभेचे झाड म्हणून येते, आणि नाव काय, तर परदेशी मिरी!

आता सौ.ने जुन्या वहीत यादी धरली आहे. पहिले मापो तोफू: 1862 च्या सुमाराचे हॉटेल, आणि रांधणाऱ्या चेनबाईंच्या तोंडावर देवीचे वण होते म्हणून पदार्थाला हे नाव. तो लोण्यासारखा मऊ असतो म्हणतात. मऊपणा मला कळेल. मग बदकाची आतडी, उकळत्या तिखट रश्शात क्षणभर बुडवून. ती केवळ कुरकुरीतपणासाठी खातात. (हे वाक्य सौ.ने नाक मुरडून लिहिले.) पीश्येनला बाकल्याच्या दाण्यांचे आणि मिरचीचे लोणचे मोठ्या रांजणांत मुरवतात, दिवसा ढवळून ऊन दाखवायचे, रात्री दव खाऊ द्यायचे, पाऊस आला की धावत झाकायचे. आमच्या डोंगरातल्या बायका आमचुरासाठी कैरीच्या फोडी वाळवतात तेव्हा आभाळाकडे ज्या नजरेने पाहतात, तीच नजर तिथे पाहायला मिळावी अशी माझी इच्छा आहे. शेवटी जनता उद्यानातले 1923 पासूनचे चहागृह. तिथे झाकणाच्या पेल्यातला चहा घेत दुपारभर बसता येते.

वाटही मनासारखी आहे. एसटीने नंदुरबार, तिथून हावड्याची गाडी. 2020 पासून बंद पडलेली भारत-चीन थेट विमाने 2025 च्या ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाली, त्यांत पहिले कलकत्ता ते ग्वांगचौ. पुढे त्यांची आगगाडी. मुंबईचे तोंडही पाहावे लागत नाही!

परवा वही चाळताना प्रत्येक पदार्थापुढे दोन रकाने आखलेले दिसले. 'तुम्ही' या रकान्यात तिखट, मऊ, झिणझिण्या असे काहीबाही लिहिले होते. 'मी' या रकान्यात सगळीकडे एकच शब्द होता: वास.

"हे काय?" मी विचारले.

"मी सांगेन ना तो," ती म्हणाली, आणि तिने आमटीचे पातेले पुढे सरकवले. "आधी हे सांगा, कसे झालेय?"