खर्जाच्याही खाली

आमच्या गिटारवाल्याला नवीन गाणं 'ए'मध्ये हवंय. "तार उतरव ना, दोन फ्रेटचा तर प्रश्न आहे!" हे म्हणायला सोपं आहे. माझ्या पाच तारांच्या बासवरची सगळ्यात जाड तार 'बी', ३०.८७ हर्ट्झ. 'ए' म्हणजे २७.५, पियानोची अगदी डावीकडची पट्टी.

आता थोडं इंजिनिअरिंग. (पळू नका!) तारेवरचा ताण वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे दोन फ्रेटसाठी ताण वीसेक टक्के कमी. तार फ्रेटवर खडखडते, जोरात छेडली की सूर आधी चढतो नि मग जागेवर येतो. तोच ताण हवा तर .१३० इंचाऐवजी .१४६ची तार लावा. पण त्यासाठी नटची खाच कानसीने रुंद करायची? पहिल्या बोनसमधून घेतलेल्या बासची? छे.

गंमत म्हणजे लॅपटॉपच्या स्पीकरमधून २७.५ हर्ट्झ जवळजवळ येतच नाही. आपण ऐकतो ५५, ८२.५ वगैरे, मूळ सूर मेंदू स्वतःच भरून काढतो. त्यामुळे खोलीपेक्षा वरचे स्वर स्वच्छ वाजणं महत्त्वाचं. सात तारांच्या बासवर काहीजण २३ हर्ट्झच्या 'एफ शार्प'पर्यंत जातात, कानाची हद्द साधारण २०! मला तरी तो निव्वळ हौसेचा मामला वाटतो.

असो. सध्या .१३५ची तार आणलीय. खाचेत बसते, ताणातली घट चौदा टक्क्यांवर येते. बोटं ब्रिजजवळ नेऊन वाजवायचं. तरीही खडखडली तर गाणं 'बी'मध्ये. हे त्याला अजून सांगितलेलं नाही :)