अण्णांची विमाने

आमच्या घरी दिवाळीचा आकाशकंदील चांदणीचा असा कधी झालाच नाही. वसुबारस आली की सोलापुरातल्या आमच्या बोळात घरोघरी लाल-पिवळ्या चांदण्या लोंबू लागत आणि आमच्या ओट्यावर मात्र कामट्यांचे, रंगीत कागदाचे, दुहेरी पंखांचे एक विमान डुलत असे. "डॉक्टर, यंदा पुष्पक केलंत वाटतं?" असे शेजारच्या काकू दरवर्षी विचारीत आणि अण्णा दरवर्षी तितक्याच गंभीरपणे सांगत, "पुष्पक नव्हे काकू, टायगर मॉथ."

अण्णा म्हणजे माझे वडील. धंद्याने दंतवैद्य आणि मनाने वैमानिक. वैमानिक फक्त मनानेच, कारण जन्मात ते एकदाही विमानात बसले नाहीत.

त्यांचा दवाखाना मंगळवार पेठेत होता. एक खोली, एक खुर्ची, पायाने चालवायचे एक जुने कोरणी यंत्र आणि बाहेर बाकावर गाल धरून बसलेली माणसे. त्यांत पूर्व भागातले विणकर असत, अक्कलकोटकडचे शेतकरी असत, मिस्रीने दात काळे केलेल्या आजीबाई असत. अण्णा विणकराला तेलुगूत "नोरु तेरवंडी" म्हणत, अक्कलकोटच्या माणसाला कानडीत "बायि तगीरी" म्हणत आणि आम्हां मुलांना मराठीत "आ कर" म्हणत. सोलापुरात दात उपटायलासुद्धा तीन भाषा याव्या लागतात, असे ते अभिमानाने सांगत. पण खरे सांगायचे तर उपटण्यात त्यांना रस नसे. "उपटायला काय, सांडशी पुरते. राखायला डॉक्टर लागतो," हे त्यांचे ठरलेले वाक्य होते. एक दात वाचवण्यासाठी ते रोग्याला चार खेपा घालायला लावीत आणि पैसे दोनच खेपांचे घेत. आईचा त्यावरून रोज एक तरी सुस्कारा निघे.

त्या खुर्चीत माणूस मान मागे टाकून बसला, की त्याला छत दिसे. आणि छताला, आढ्यातल्या हुकांना, अण्णांनी आपली विमाने टांगली होती. सगळी जुन्या काळातली. "जेट विमानात काय पाहायचं? ते नुसतं ओरडतं," असे त्यांचे मत होते. लाकडाचा सांगाडा घालून ते त्यावर गिरणीचे पातळ कापड ताणून बसवीत आणि वरून रोगण देत. खऱ्या टायगर मॉथचे पंखही असेच, लाकडी सांगाड्यावर कापड चढवून केलेले असत. वरून दिलेले रोगण सुकताना आकसते आणि कापड ढोलकीच्या पुडीसारखे ताठ होते. ते मला बोटाने वाजवून पाहायला लावीत. विमानांच्या पुढचे पंखे मात्र कवळीच्या मसाल्याचे असत, म्हणजे हिरड्यांच्या रंगाचे, गुलाबी! रोगी वर पाहताना मोजीत बसे, एक विमान, दोन विमाने. आणि तिसऱ्यापर्यंत त्याचे काम आटोपलेले असे.

१९८२ साली मी कडेवर होतो. त्या वर्षीच्या १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीहून जुन्या लेपर्ड मॉथमधून एकटे उडत मुंबईला येणार होते. बरोबर पन्नास वर्षांपूर्वी, १९३२ साली त्याच दिवशी, त्यांनी त्याच वाटेने पहिली टपाल आणली होती. आता त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर होते. अण्णांनी दवाखान्याला कुलूप लावले, रात्रीची गाडी पकडली आणि ते जुहूला जाऊन गर्दीत उभे राहिले. परत आल्यावर आईने विचारले, "काय पाहिलंत?" ते म्हणाले, "ठिपका दिसला, मग आवाज आला, मग म्हातारा उतरला." एवढेच. पण आई सांगते, त्यानंतर आठ दिवस ते जेवताना हसत असत.

आमच्या गावाचाही त्यांना या बाबतीत मोठा अभिमान. विमानाचा कारखाना या देशात प्रथम काढला तो वालचंद हिराचंदांनी, १९४० साली, बंगळूरला. आणि वालचंद जन्माने सोलापूरचे! "चादरीच्या गावानं विमानाचा कारखाना दिला," हे वाक्य ते पाहुण्यांना चहाबरोबर देत.

माझी गोष्ट निराळी. मॅट्रिक मी कसाबसा झालो (आता तिला दहावी म्हणतात, आमच्या घरी मॅट्रिकच). अण्णांचा दवाखाना पुढे चालवायचा म्हणून शास्त्र शाखेला गेलो आणि बारावीला दोनदा आपटलो. दुसऱ्या निकालाच्या संध्याकाळी मी सिद्धेश्वर तलावाच्या काठी बराच वेळ बसून राहिलो. मनात काय काय येत होते ते इथे लिहीत नाही. दिवेलागणीला दवाखान्यात गेलो. अण्णांनी मला रोग्याच्या खुर्चीत बसवले. मी वर पाहिले. चार इंजिनांचे एक मोठे विमान डोक्यावर हलत होते.

"हे लिबरेटर," ते म्हणाले. "दुसरं महायुद्ध संपल्यावर अशी कितीतरी विमानं कानपूरला टाकून दिली होती. टाकताना ती पुन्हा कुणाच्या कामी येऊ नयेत म्हणून मुद्दाम मोडली होती. तज्ज्ञ म्हणाले, भंगार आहे. वालचंदांच्या त्या कारखान्यातली माणसं गेली, एकेकाला हात लावून पाहिलं, बंगळूरपर्यंत पोचेल इतपत डागडुजी केली. मुन्शी नावाच्या वैमानिकानं ती एकेक करून उडवत नेली. चाळीसच्या आसपास विमानं उभी केली त्यांनी. १९६८ पर्यंत आपल्या हवाई दलानं ती वापरली."

मी गप्प राहिलो.

"भंगार बाहेरून ठरवायचं नसतं," ते पुढे म्हणाले, "मूळ जिवंत आहे का ते पाहायचं." आणि त्यांनी खणातून माझी जुनी वही काढली. तिच्यात त्यांच्या सगळ्या विमानांची मी काढलेली चित्रे होती. मला वाटत होते, ती वही केव्हाच रद्दीत गेली. "हे कुणी काढलंय?"

मी चित्रकलेच्या शिक्षकाची पदविका घेतली. आज वीस वर्षांहून अधिक काळ शाळेत चित्रकला शिकवतो, उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. मला कानपूरहून उडवत आणले ते अण्णांनी.

आता जे सांगायचे आहे ते सांगणे जड जाते.

पुढे अण्णांचे हात कापू लागले. दंतवैद्याचे हात कापू लागले की राहते काय? दवाखाना बंद झाला. उपचारासाठी त्यांना पुण्याला नेले आणि खर्चाची तोंडमिळवणी म्हणून दवाखान्याची खोली भाड्याने द्यायचे मी ठरवले. एका रविवारी एकटाच ती मोकळी करीत होतो. घाई होती, डोके तापले होते. खुर्ची आणि यंत्र विकले. विमानांवर बोटबोट धूळ होती, कापडे फाटली होती. हातगाडीवाला दारात उभा होता. मी ती सगळी त्याच्या हवाली केली, लिबरेटरसुद्धा. कात्रणांच्या दोन पेट्याही दिल्या. त्याने एकशे चाळीस रुपये दिले. ते मी मोजून घेतले.

अण्णा परत आल्यावर "एकदा खोली पाहून येऊ" म्हणाले. हात धरून मी त्यांना नेले. ते मधोमध उभे राहिले, त्यांनी मान वर केली आणि बराच वेळ रिकाम्या छताकडे पाहिले. मी काहीतरी सांगायला तोंड उघडले. त्यांनी कापऱ्या हाताने माझा खांदा थोपटला.

"हूक तेवढे ठेवलेस. बरं केलंस," ते म्हणाले.

त्यानंतर दोन वर्षे ते होते. त्या दोन वर्षांत विमानांचा विषय त्यांनी काढला नाही, आणि माफी मागायचे मला धैर्य झाले नाही. आज करू, उद्या करू, असे म्हणता म्हणता एका पहाटे ते गेले.

२०१९ साली दिल्लीला जाण्याचा योग आला, तेव्हा पालमच्या हवाई दलाच्या संग्रहालयात गेलो. तिथे ते लिबरेटर उभे होते. अण्णांनी ते कधी पाहिले नव्हते. चित्रांवरून आणि मापांवरून त्यांनी त्याची लहान प्रत केली होती. मी चारी इंजिनांशी जाऊन पाहिले. पंखे अर्थातच गुलाबी नव्हते. एवढ्या मोठ्या माणसाला तिथे रडू यावे याची रखवालदाराला गंमत वाटली असावी.

२०२५ च्या जूनमध्ये आमच्या होटगी रस्त्याच्या विमानतळावरून गोव्याला विमान सुरू झाले. त्याचा आवाज आला की मुलगी गच्चीवर धावते. मीही जातो. त्या विमानाला पुढे पंखे आहेत. अण्णांना आवडले असते.

परवा आम्ही दोघांनी आकाशकंदील केला, टायगर मॉथचा. शेवटी पुढचा पंखा मी गुलाबी रंगाने रंगवू लागलो, तशी ती हसली. "बाबा, गुलाबी पंखा कुठं असतो?"

मी ब्रश खाली ठेवला आणि तिला सगळे सांगितले. कवळीच्या मसाल्यापासून सुरुवात केली. एकशे चाळीस रुपयेही गाळले नाहीत.

तिने सगळे ऐकून घेतले. मग ब्रश उचलला आणि राहिलेला पंखा स्वतःच रंगवला.