चित्रेचा जोडीदार

चैत्र महिन्याला चैत्र का म्हणतात, ठाऊक आहे? या महिन्यात पौर्णिमेचा चंद्र चित्रा नक्षत्राच्या आसपास असतो, म्हणून! ही चित्रा शोधणं अगदी सोपं आहे. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक तसाच पुढं नेला की नारिंगी स्वाती लागते. आणखी पुढं गेलात की निळसर-पांढरी चित्रा. कन्या राशीतला सगळ्यात तेजस्वी तारा तो हाच.

निळसर का बरं? लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल होतं, मग पिवळं, मग पांढरं. त्याहूनही तापलेल्या वस्तूचा रंग निळ्याकडं झुकतो. आपल्या सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे ५,५०० अंश सेल्सियस, तर चित्रेचं जवळजवळ २५,०००!

पण खरी गंमत पुढंच आहे. चित्रा एकटी नाही, ते दोन तारे आहेत. थोरला सूर्याच्या सुमारे अकरापट वजनाचा, धाकटा सातपट. अवघ्या चार दिवसांत ते एकमेकांभोवती फेरी पूर्ण करतात. इतके जवळ, की एकमेकांच्या ओढीनं दोघंही गोल न राहता लांबट झालेत.

गेल्या चैत्रात मी चौथीच्या वर्गाला रात्री शाळेच्या मैदानावर बोलावलं होतं. हे सांगितल्यावर एकानं विचारलं, "बाई, दुसरा दिसतच नाही, मग तो आहे हे कशावरून?"

मी वर्गातल्या सगळ्यात दांडग्या मुलाच्या हातात टॉर्च दिला. दुसरा हात धरायला एका मुलीला उभं केलं. ही पोर हजेरीलासुद्धा जेमतेम ऐकू येईल असं 'हजर' म्हणते. मग म्हटलं, "घाला फुगडी!" अंधारात नुसता टॉर्च गोल फिरताना दिसत होता. मुलं ओरडली, "बाई, कुणीतरी ओढतंय म्हणून तो फिरतोय!"

१८९० साली जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या वेधशाळेत हर्मान फोगेल यांनी असंच ओळखलं. तारा आपल्याकडं येताना त्याच्या वर्णपटातल्या रेषा निळ्या बाजूला सरकतात, लांब जाताना तांबड्या बाजूला. चित्रेच्या रेषा दर चार दिवसांनी अशा मागं-पुढं होत होत्या.

तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, "बाई, तो धाकटा तारा विझलेला असतो का हो?" वर्षभरात तिनं वर्गासमोर विचारलेला हा पहिला प्रश्न!

"नाही गं," मी म्हटलं, "तोसुद्धा सूर्यापेक्षा कितीतरी तेजस्वी आहे. थोरल्याला इतका चिकटून आहे, म्हणून आपल्याला वेगळा दिसत नाही, इतकंच."

ती हसली. मग तिनं टॉर्च मागून घेतला, आणि फुगडी पुन्हा सुरू झाली.

एप्रिलमध्ये रात्री नऊच्या सुमारास आग्नेयेकडं बघा. दिसणारा प्रकाश सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी, पेशवाईच्या काळात तिकडून निघालेला आहे. आणि तो एका ताऱ्याचा नाही, दोघांचा आहे बरं का!